गून शो आणि त्याचे जतन करणारी मंडळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरे एका मराठी श्रोत्याने मराठी श्रोत्यांसाठी लिहिलेली आहेत. ती 'गून शो प्रिझर्वेशन सोसायटी'ची किंवा बीबीसीची अधिकृत भूमिका मानू नये.

गून शो हा कार्यक्रम नेमका काय होता?

बीबीसीच्या होम सर्व्हिसवरून 28 मे 1951 ते 28 जानेवारी 1960 या काळात दहा मालिकांमधून प्रसारित झालेला हा अर्ध्या तासाचा विनोदी कार्यक्रम होता. पहिल्या मालिकेचे नाव 'क्रेझी पीपल' असे होते. 'द गून शो' हे नाव 1952 मध्ये दुसऱ्या मालिकेपासून रूढ झाले. स्पाइक मिलिगन, पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम हे त्याचे प्रमुख कलावंत, आणि पहिल्या दोन मालिकांपुरते मायकेल बेंटीन हे चौथे. लेखनाचा मुख्य भार मिलिगन यांच्यावर होता. लॅरी स्टीव्हन्स आणि एरिक साइक्स हे त्यांचे महत्त्वाचे सहलेखक होते. सुरुवातीच्या संहितांचे संपादन जिमी ग्राफ्टन यांनी केले; त्यांच्याच लंडनमधील पबात ही मंडळी युद्धानंतर जमू लागली होती.

आज आपण ऐकतो तो साचा, म्हणजे एकच अतर्क्य कथानक, मधे संगीताचे दोन तुकडे आणि अत्यंत गंभीर आवाजाचा निवेदक, पहिल्या दिवसापासून नव्हता. आरंभीच्या मालिका सुट्या प्रहसनांच्या आणि गाण्यांच्या होत्या. पीटर इटन निर्माते झाल्यानंतर कार्यक्रमाला हळूहळू शिस्त आली आणि संपूर्ण भागभर चालणारी कथा स्थिरावली.

प्रिझर्वेशन सोसायटी केव्हा स्थापन झाली आणि ती काय करते?

सोसायटी 1972 मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाली. कार्यक्रम बंद होऊन तेव्हा बारा वर्षे लोटली होती. त्याच वर्षी बीबीसीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 'द लास्ट गून शो ऑफ ऑल' हा विशेष भाग कॅम्डेन थिएटरमध्ये ध्वनिमुद्रित होऊन 5 ऑक्टोबरला प्रसारित झाला आणि निवडक संहितांचे पुस्तकही त्याच वर्षी निघाले. ज्या पिढीने हा कार्यक्रम शाळकरी वयात ऐकला होता ती तोपर्यंत कमावती झालेली होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. अशा संस्था बहुधा त्याच वयात निघतात.

सभासदांसाठी वार्तापत्र काढणे, कोणत्या भागाचे कोणते ध्वनिमुद्रण कोणत्या स्वरूपात शिल्लक आहे याचा हिशेब ठेवणे, हरवलेल्या भागांचा माग काढणे आणि चाहत्यांना एकत्र आणणे, असे तिच्या कामाचे ढोबळ स्वरूप आहे. यातले दुसरे काम सर्वांत नीरस आणि सर्वांत मोलाचे आहे, असे माझे मत आहे. त्याचे कारण पुढील उत्तरांत येईल.

कार्यक्रम बीबीसीचा होता, मग बीबीसीनेच तो का जपला नाही?

हा प्रश्न बहुतेकांना रागाने पडतो, म्हणून उत्तर थोडे सविस्तर दिलेले बरे. 1950च्या दशकात रेडिओ कार्यक्रम म्हणजे एकदा, फार तर दोनदा प्रसारित होऊन संपणारी गोष्ट मानली जात असे. ध्वनिमुद्रण हे बहुधा प्रसारणाचे साधन होते. रविवारी प्रेक्षकांसमोर मुद्रण करायचे आणि आठवड्यात ठरलेल्या वेळी ते वाजवायचे, एवढाच त्याचा उपयोग. चुंबकीय फीत महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत होती. साठवणुकीची जागा मर्यादित होती. याशिवाय कलावंतांच्या आणि वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रसारणावर बंधने होती. मोठ्या संख्येने पुनःप्रसारण झाले तर नव्या कामाला मागणी राहणार नाही, ही संघटनांची भीती त्या काळात अजिबात अवाजवी नव्हती. जे पुन्हा वाजवताच येणार नाही ते कशासाठी ठेवायचे, असा प्रशासकीय विचार मग आपोआप होत असे.

परिणाम असा झाला की पहिल्या चार मालिकांपैकी फारच थोडे शिल्लक राहिले. संहिता कागदावर असल्यामुळे पुष्कळशा वाचल्या, आवाज मात्र गेला. बीबीसीला खलनायक ठरवणे सोपे आहे. परंतु अभिलेखागारासाठी निवड करणाऱ्यांना काय टिकवण्याजोगे वाटत होते हे पाहिले, तर तिथे विनोदाच्या आधी राष्ट्रप्रमुखांची भाषणे येत होती आणि जगभरच्या बहुतेक प्रसारण संस्थांत तोच क्रम होता.

मग आज जे भाग ऐकायला मिळतात ते कोठून आले?

मुख्यत्वे व्यापारातून. बीबीसीचा 'ट्रान्सक्रिप्शन सर्व्हिस' नावाचा विभाग निवडक कार्यक्रमांच्या तबकड्या काढून त्या परदेशी प्रसारण संस्थांना पुरवीत असे. गून शो या यादीत पाचव्या मालिकेपासून, म्हणजे 1954 पासून, येऊ लागला. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत तो पुढे दशकानुदशके वाजत राहिला आणि मायदेशात विस्मरणात जाण्याच्या काळातही तेथे त्याला नवे श्रोते मिळत गेले. पाचव्या मालिकेपासून पुढचा संग्रह बराचसा भरलेला आणि त्याआधीचा जवळजवळ रिकामा, हे चित्र कोणाच्या रसिकतेमुळे नव्हे, तर या निर्यातीच्या तारखेमुळे निर्माण झाले आहे.

दुसरा स्रोत म्हणजे बीबीसीने स्वतःकडे ठेवलेल्या काही फिती. तिसरा स्रोत घरगुती. त्या काळी टेपरेकॉर्डर बाळगणारे श्रोते थोडे होते, पण होते. रेडिओला थेट तार जोडून किंवा नुसता मायक्रोफोन समोर धरून त्यांनी केलेली मुद्रणे आवाजाच्या दृष्टीने सामान्य असतात. मात्र प्रसारणात प्रत्यक्ष काय गेले याचा तोच पुरावा असतो.

एकाच भागाच्या निरनिराळ्या लांबीच्या प्रती का आढळतात?

परदेशासाठी तबकडी काढताना भाग कापला जाई. वेळेचे गणित बसवण्यासाठी काही ओळी जात. ब्रिटनमधील ताज्या घडामोडींचे उल्लेख बाहेरच्यांना कळणार नाहीत म्हणून जात, आणि काही विनोद परदेशी पाहुण्यांसमोर बरे दिसणार नाहीत म्हणून जात. त्यामुळे तबकडीवरचा आवाज सर्वांत स्वच्छ, पण मजकूर अपुरा. घरगुती फितीवरचा मजकूर पूर्ण, पण आवाज खरखरीत, अशी स्थिती पुष्कळ भागांच्या बाबतीत आहे.

येथे पुनर्स्थापनेचे खरे काम सुरू होते. ध्वनितंत्रज्ञ टेड केंडल यांनी बीबीसीच्या संग्राह्य आवृत्त्यांसाठी केलेले काम या क्षेत्रात आदर्श मानले जाते. एकाच भागाच्या सर्व उपलब्ध प्रती गोळा करायच्या, त्यांचा वेग जुळवायचा, आवाजाचा पोत शक्य तितका एकसारखा करायचा आणि तबकडीत नसलेली ओळ दुसऱ्या प्रतीतून उचलून नेमक्या जागी बसवायची, असे ते काम आहे. कान देऊन ऐकल्यास काही ठिकाणी आवाज क्षणभर मंद किंवा बोदा होतो. तेथे सांधा आहे असे समजावे आणि तो कोणीतरी जाणीवपूर्वक उघडा ठेवला आहे म्हणून आनंद मानावा.

सोसायटीच्या नोंदवहीचे मोल येथे कळते. आपल्याकडची प्रत कोणत्या मुद्रणाची, कोणत्या कपातीनंतरची, कितव्या पिढीची (म्हणजे प्रतीवरून प्रत किती वेळा काढलेली), हे ठाऊक नसेल तर शंभर प्रती असूनही काही हाती लागत नाही. शिवाय काही संहिता दोनदा सादर झाल्या आहेत. बीबीसी दूरचित्रवाणीवरच्या '1984' या गाजलेल्या भविष्यकथेचे विडंबन करणारा '1985' हा भाग जानेवारी 1955 मध्ये झाला आणि पुढच्याच महिन्यात नव्याने सादर करण्यात आला. त्यात नागरिकांवर नजर ठेवणारी सर्वसत्ताधारी संस्था 'बिग ब्रदर कॉर्पोरेशन' आहे. तिची आद्याक्षरे कोणाची हे सांगायला नको. हे दोन प्रयोग एकच आहेत असे समजून यादी केली की गोंधळ सुरू होतो.

'व्हिंटेज गून्स' हा प्रकार काय आहे?

चौथ्या मालिकेतील काही संहिता 1957-58 च्या सुमारास परदेशी वितरणासाठी पुन्हा मुद्रित केल्या गेल्या. त्या मालिकेचे हे नाव. मूळ भाग नष्ट झालेले असल्यामुळे त्या संहिता कानावर पडण्याचा आता बहुधा हाच मार्ग आहे. पण सावध राहावे: संहिता 1953-54 ची असली तरी कलावंतांची पात्रांवरची पकड चार वर्षांनंतरची आहे. या मुद्रणांवरून मूळ मालिकेतील अभिनयाविषयी निष्कर्ष काढू नयेत.

मायकेल बेंटीन यांचा उल्लेख इतका कमी का होतो?

कारण ते होते तेव्हाचे भाग उरले नाहीत. बेंटीन दुसऱ्या मालिकेनंतर बाहेर पडले आणि त्यांचा प्राध्यापक ऑस्रिक प्युअरहार्ट हा विक्षिप्त संशोधक त्यांच्याबरोबरच गेला. मिलिगन, सेलर्स, सीकम ही त्रयी आपल्याला 'स्वाभाविक' वाटते. प्रत्यक्षात ती शिल्लक राहिलेल्या फितींनी आपल्यासाठी ठरवलेली आहे. चार माणसांचा कार्यक्रम कसा ऐकू येत असेल, चौघांपैकी कोणाचा वेग कोणाला खेचत असेल, याचा अंदाज कागदावरून फारसा येत नाही. इतिहास लिहिताना प्रामाणिक चाहत्यांनी ही रिकामी जागा दाखवली पाहिजे. ती त्रयीच्या दंतकथांनी भरून टाकण्याचा मोह बऱ्याच लेखांत दिसतो.

स्पाइक मिलिगन यांचा जन्म महाराष्ट्रात झाला, हे खरे आहे का?

होय. त्यांचा जन्म 16 एप्रिल 1918 रोजी अहमदनगर येथे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात झाला. त्यांचे आयरिश वडील ब्रिटिश फौजेत होते. बालपणाचा मोठा भाग पुण्यात गेला. तेथे ते कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत होते. त्यानंतर कुटुंब रंगूनला गेले आणि 1930च्या दशकाच्या प्रारंभी इंग्लंडला. लष्करी छावणीतून आलेल्या या मुलाला लंडनमधील थंडी आणि गरिबी अनोळखी होती, आणि पुढे आयुष्यभर ते हिंदुस्थानातील बालपणाविषयी ओढीने बोलत राहिले.

या जन्मस्थानाने त्यांना एक कायदेशीर अडचणही दिली. राष्ट्रकुल देशांतील नागरिकांविषयीचे ब्रिटिश कायदे 1960च्या दशकात बदलल्यावर त्यांच्या ब्रिटिश पारपत्राचा प्रश्न निर्माण झाला आणि त्यांनी आयरिश नागरिकत्व घेतले. युद्धात ब्रिटिश तोफखान्यात लढून 1944 मध्ये इटलीत जखमी झालेल्या माणसाला हे करावे लागावे, यातील विसंगती त्यांच्या कोणत्याही संहितेत शोभली असती. याच कारणाने 2001 मध्ये मिळालेला 'नाइट'चा सन्मान त्यांना मानद स्वरूपात मिळाला. 27 फेब्रुवारी 2002 रोजी त्यांचे निधन झाले. 'मी आजारी आहे असे मी तुम्हाला सांगितले होते' अशा अर्थाचे वाक्य विंचेल्सी येथील त्यांच्या थडग्यावर आहे, तेही आयरिश भाषेत.

लंडनच्या फिंचली भागात बाकावर बसलेल्या मिलिगन यांचा पुतळा 2014 मध्ये उभारला गेला. त्यासाठीही स्थानिक चाहत्यांनी अनेक वर्षे निधी जमवला होता. नगरकरांनी मनावर घेतले तर छावणी भागात एखादी साधी पाटी लागू शकेल, असे मला वाटते. पण तो या प्रश्नाचा विषय नाही.

कार्यक्रमातील हिंदुस्थानी पात्रे आज अवमानकारक वाटत नाहीत का?

काही ठिकाणी निश्चित वाटतात. लालकाका आणि बॅनर्जी ही जोडी सेलर्स आणि मिलिगन सादर करीत. लालकाका हे पारशी आडनाव आणि बॅनर्जी हे बंगाली. मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला हे दोघे एकाच उच्चाराने, एकाच लकबीने बोलताना ऐकून आधी आश्चर्य वाटते आणि मग कळते की विनोद माणसांवर नसून ब्रिटिश कानाला ऐकू येणाऱ्या एका सरसकट 'हिंदुस्थानी' आवाजावर आहे. सेलर्स यांनी युद्धकाळात हवाई दलाच्या करमणूक पथकाबरोबर हिंदुस्थानात दौरे केले होते आणि मिलिगन यांचे बालपणच येथे गेले होते, त्यामुळे या नकलेत निरीक्षण आहे, काही वेळा माया आहे. दुसऱ्या बाजूला मेजर ब्लडनॉक हा भित्रा, लाचखाऊ आणि सदैव पोट बिघडलेला अधिकारी आहे. साम्राज्याच्या लष्करी रुबाबाची इतकी निर्दय चेष्टा 1950च्या दशकात बीबीसीवर दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

तरीही माया हे समर्थन नव्हे. कार्यक्रमातील गायक आणि ढोलवादक रे एलिंग्टन यांच्या वर्णावरून केलेले विनोद आज ऐकताना अवघडायला होते. मिलिगन यांनी 1969 मध्ये दूरचित्रवाणीवर चेहरा रंगवून केलेली मालिका तर सहा भागांतच बंद करावी लागली. माझे मत असे की हे भाग कापू नयेत आणि त्यांची वकिलीही करू नये. कापलेला संग्रह कसा असतो हे निर्यातीच्या तबकड्यांनी आपल्याला पुरेसे दाखवले आहे.

मला इंग्रजी चांगले येते, तरी पहिला भाग ऐकून हसू आले नाही. असे का होते?

हे अगदी साहजिक आहे आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचेही असेच होते. कार्यक्रमाचा वेग विलक्षण आहे, आवाज एकमेकांवर चढतात आणि तीन माणसे मिळून डझनभर पात्रे वठवतात. म्हणून आधी आवाज ओळखायला शिकावे. सीकम बहुधा नेडी सीगून असतात: भोळा, उत्साही, कोणत्याही कागदावर सही करणारा. सेलर्स यांचा ग्रिटपाइप-थिन हा गुळगुळीत आवाजाचा ठग आणि मिलिगन यांचा मोरियार्टी हा त्याचा भुकेला साथीदार, मिळून त्याला गंडवतात. हेन्री क्रन आणि मिनी बॅनिस्टर हे म्हातारे जोडपे दाराची कडी वाजल्यावर ती कोणी उघडायची यावर पाने भरवू शकते. मिलिगन यांचा एकल्स हा निखळ मठ्ठ, आणि सेलर्स यांचा ब्लूबॉटल हा पुठ्ठ्याच्या टोपीतला बालवीर.

हा ब्लूबॉटल स्वतःचे संवाद म्हणता म्हणता कंसातील रंगसूचनाही मोठ्याने वाचतो. 'टाळ्यांची वाट पाहतो' असे तो स्वतःच सांगतो आणि टाळ्या आल्या नाहीत की खट्टू होतो. यातला विनोद संहितेचा कागद हातात धरून उभ्या असलेल्या रेडिओ कलावंताचा आहे. तो पडद्यावर किंवा रंगमंचावर तसाच उतरत नाही.

1957 च्या 'द मिस्टीरियस पंच-अप-द-काँकर' या भागातला प्रवेश नमुन्यादाखल घ्यावा. किती वाजले असे ब्लूबॉटल विचारतो आणि एकल्स म्हणतो, थांब, मी कागदावर लिहून ठेवले आहे: आठ वाजले. एका सद्गृहस्थांनी त्याला ते लिहून दिलेले असते. कोणी वेळ विचारली की तो कागद दाखवतो. आणि विचारले तेव्हा आठ वाजले नसतील तर? मग तो कागद दाखवत नाही. ब्लूबॉटलला ही सोय इतकी आवडते की तो कागद कानाला लावून पाहतो, आणि त्याच्या लक्षात येते की तो बंद पडला आहे. सगळे तर्कशास्त्र आतून निर्दोष आहे, फक्त त्याचा पाया जगाला टेकलेला नाही. गून शोचा बहुतेक विनोद याच जातीचा आहे.

निवेदक वॉलेस ग्रीनस्लेड यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. ते प्रत्यक्षातही बीबीसीचे वृत्तनिवेदक होते. आकाशवाणीच्या राष्ट्रीय बातम्या देणाऱ्या आवाजाने, स्वरात तसूभरही बदल न करता, एखाद्या चोराची साक्ष काढावी, असा तो परिणाम आहे.

ध्वनिप्रभावांची एवढी ख्याती कशामुळे?

त्याआधीच्या विनोदी कार्यक्रमांत आवाज म्हणजे दार उघडणे, पावले वाजणे, घोड्याच्या टापा. मिलिगन यांनी आवाजालाच पात्र केले. पावले येतात, धावतात, जिना चढतात, मोटारीत बसतात आणि ती तशीच चढून परत खाली येतात. 'नेपोलियन्स पियानो' या 1955 च्या भागात लूव्हर संग्रहालयातील पियानो चोरून त्यावरच बसून इंग्लिश खाडी ओलांडली जाते, आणि हे दृश्य ऐकणाऱ्याच्या डोक्यातच उभे राहते. 1958 मध्ये बीबीसीचा रेडिओफोनिक वर्कशॉप, म्हणजे नवनवे ध्वनी तयार करणारा विभाग, सुरू झाल्यावर मेजर ब्लडनॉक यांच्या पोटातील खळबळ हे तेथील आरंभीच्या प्रसिद्ध कामांपैकी एक ठरले.

या आग्रहाची एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. एका फटक्याच्या आवाजासाठी मिलिगन यांनी उपाहारगृहातून कस्टर्ड करवून घेतले, स्वतःच्या पायमोज्यात भरले आणि फळीवर आपटले. हवा तो आवाज काही आला नाही.

राजे चार्ल्स यांचा या कार्यक्रमाशी काय संबंध आहे?

ते युवराज असल्यापासून कार्यक्रमाचे जाहीर चाहते आहेत आणि सोसायटीचे आश्रयदाते राहिले आहेत. 1973 मध्ये निघालेल्या संहितांच्या दुसऱ्या पुस्तकाला त्यांची प्रस्तावना आहे. 1994 च्या एका पुरस्कार समारंभात त्यांचे अभिनंदनपर पत्र वाचले जात असताना मिलिगन यांनी भर कार्यक्रमात त्यांना शिवी हासडली. मैत्री टिकली.

मी माझ्याकडील भाग इतरांना पाठवू शकतो का? संहितेचे वाचन करता येईल का?

ध्वनिमुद्रणाचे आणि संहितेचे हक्क वेगळे असतात, हे आधी समजून घ्यावे. ब्रिटिश कायद्यात लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षे टिकतो आणि सहलेखनाच्या बाबतीत शेवटच्या सहलेखकाच्या मृत्यूपासून मुदत मोजली जाते. मिलिगन 2002 मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या संहिता 2072 अखेरपर्यंत संरक्षित आहेत. एरिक साइक्स 2012 मध्ये वारले, म्हणजे दोघांनी मिळून लिहिलेल्या संहिता 2082 अखेरपर्यंत. भारतीय कायद्यात ही मुदत 60 वर्षांची आहे. जाहीर प्रयोगासाठी रीतसर परवानगी घ्यावी. मित्रमंडळींत घरी बसून वाचायला कोणी अडवत नाही, आणि खरे तर संहिता कळण्याचा तो उत्तम मार्ग आहे.

घरात जुनी फीत सापडली आणि तिच्यावर 'गून शो' असे लिहिलेले असेल तर काय करावे?

सर्वप्रथम ती वाजवण्याची घाई करू नये. अनेक वर्षे पडून असलेल्या यंत्रावर जुनी फीत लावली तर ती ताणली जाऊन किंवा तुटून कायमची जाऊ शकते. डबीतून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फितीचा पाया विघटित होऊ लागला आहे असे समजावे आणि ती इतर फितींपासून दूर ठेवावी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या फितींवर बुरशी असते. ती घरच्या घरी कापडाने पुसू नये. डबी, चिठ्ठी, तारखा, हस्ताक्षरातील टिपा यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण मुद्रण कोणत्या प्रसारणाचे आहे हे बरेचदा तेवढ्यावरूनच ठरते.

अंकीकरण अनुभवी माणसाकडून, 24 बिट आणि शक्य असल्यास 96 किलोहर्ट्झ या प्रमाणात करवून घ्यावे. खरखर काढण्याचे कोणतेही उपचार मूळ अंकीय प्रतीवर करू नयेत. ते तिच्या दुसऱ्या प्रतीवर करावेत. त्यानंतर सोसायटीशी किंवा बीबीसीच्या अभिलेखागाराशी संपर्क साधावा. तुमची फीत सामान्य, पुष्कळांकडे असलेली निघण्याचीच शक्यता अधिक आहे. पण पहिल्या चार मालिकांतील एखाद्या भागाचे दोन मिनिटांचे तुकडेही येथे मोलाचे मानले जातात, म्हणून फेकून देऊ नये.

मराठी रेडिओ विनोदासाठी असे मंडळ का नाही?

चाहते आहेत, मंडळ नाही. आकाशवाणी मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिका ऐकत वाढलेली पिढी आजही टेकाडे भावजी आणि मीनावहिनी यांचे आवाज आठवून सांगते. अडचण प्रेमाची नसून सामग्रीची आहे. गून शोच्या हजारो मैल दूर गेलेल्या तबकड्या परत मोजता आल्या. प्रादेशिक केंद्रावरून एकदा प्रसारित झालेल्या श्रुतिकेला अशी निर्यात मिळाली नाही. जे उरले असेल ते केंद्रांच्या कपाटांत आणि श्रोत्यांच्या कॅसेटींत.

संग्राहकांच्या संघटनेचा अनुभव मात्र आपल्याकडे आहे. ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था 1990 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि तिने नियतकालिक काढून तबकड्यांच्या सूची, कलावंतांची माहिती, मुद्रणांच्या तारखा यांची नोंद केली. श्रुतिकांसाठीही आरंभ यादीपासूनच करावा लागेल: कोणता भाग, लेखक कोण, कोणी काम केले, कोणाच्या घरी कॅसेट आहे. कॅसेटवर प्रसारणाची तारीख लिहिण्याची सवय आपल्याकडे फार थोड्यांना होती, त्यामुळे हे काम आठवणी जाग्या आहेत तोवरच होऊ शकेल.

ऐकायला सुरुवात कोठून करावी?

पहिल्या मालिकेपासून क्रमाने ऐकण्याचा हट्ट धरू नये, कारण ती नाहीच. ऑक्टोबर 1954 मधील 'द ड्रेडेड बॅटर-पुडिंग हर्लर' हा भाग चांगला आरंभ आहे; युद्धकाळात अंधाऱ्या किनाऱ्यावर लोकांवर गरम पुडिंग फेकणाऱ्याचा शोध, असे त्याचे कथानक आहे आणि बहुतेक मुख्य पात्रे त्यात भेटतात. त्यानंतर 'नेपोलियन्स पियानो', मग वर सांगितलेला 1957 चा भाग. 1972 चा विशेष भाग सर्वांत शेवटी ऐकावा. तो जुन्या मित्रांचा मेळावा आहे आणि आधीची ओळख नसेल तर त्यात पाहुण्यासारखे वाटते.

मॅक्स गेल्ड्रे यांचे माउथऑर्गन आणि रे एलिंग्टन यांचे गाणे पुढे सरकवून टाकू नये. बीबीसीच्या नियमाप्रमाणे मद्याला बंदी असल्यामुळे ब्रँडी दुधात मिसळून आणली जाई, आणि संगीताच्या त्या दोन अंतरांत बाकीची मंडळी मागे जाऊन ती घेत असत. संवादांत अचानक येणारे ब्रँडीचे उल्लेख त्यामुळे उलगडतात. हेडफोन वापरावा, आवाज थोडा मोठा ठेवावा, आणि एका बैठकीत दोनपेक्षा अधिक भाग ऐकू नयेत.